सहा वाजले म्हणून

माझ्या भावाच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा तीन महिने त्याच्या पोटात होता.

ऐकायला विचित्र वाटतं, पण मेंदूच्या डॉक्टरांना यात काही नवल नाही. डोक्याला जबर मार बसून आत रक्त साकळलं की मेंदूला सूज येते. कवटी म्हणजे बंद डबा. सुजेला जागा मिळत नाही आणि मेंदू आतल्या आत दाबला जातो. मग एका बाजूचं हाड कापून झाकणासारखं उचलतात आणि सूज उतरेपर्यंत डोकं तसंच उघडं ठेवून वरून फक्त कातडी शिवतात. काढलेलं हाड फेकायचं नसतं. पोटाच्या कातडीखाली चरबीत खिसा करून त्यात ते ठेवतात, म्हणजे पुढं परत जागेवर बसवता येतं. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं गोल काढून हे समजावलं. आण्णा बराच वेळ त्या गोलाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे स्टेपनी." आण्णा म्हणजे आमचे वडील, एसटीत ड्रायव्हर.

आजीला हे फोनवर कसं सांगायचं, असा प्रश्न पडला होता. आई काही बोलायच्या स्थितीत नव्हती, म्हणून मीच सांगितलं. पलीकडं जरा वेळ शांतता. मग आजी म्हणाली, "डोस्कं पोटात ठिवलंय व्हय त्येचं? ऱ्हाऊ द्या. आधी बी पोटातच हुतं."

२०१९ चा जानेवारी होता. आमच्या भागात तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात असतो. भाऊ तेवीस वर्षांचा, जेजुरीच्या एमआयडीसीत कामाला. त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणजे रात्री अकराला सुटायचं आणि गाडीवरून घरी यायचं. आमचं गाव लोणंदजवळ. वाल्हे मागं पडलं होतं, नीरा चार-पाच किलोमीटरवर राहिली होती. तिथं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच उभा होता. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. थोड्या अंतरावर चार दगड मांडून त्यात उसाचं एक वाढं खोचलेलं, एवढीच काय ती सूचना. आमच्याकडं दर हंगामात कुणी ना कुणी या ट्रॉल्यांना धडकून जातं. दोन दिवस चहाच्या टपरीवर चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी ट्रॉल्या तशाच धावायला लागतात. भावाचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. गाडीचा चेंदामेंदा झाला, हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता.

१०८ ची गाडी आली. आधी जवळच्या दवाखान्यात, मग तिथून पुण्याला. जेजुरी, सासवड, दिवे घाट. पालखीची वाट, उलट्या दिशेनं. आजीनं तीसेक वर्षं ही वाट पायी तुडवलेली. नंतर कधीतरी ती म्हणाली, "त्या वाटंला माउलीला पाच दिस लागत्यात. ह्यो दोन तासांत गेला. लई घाई हुती बाई त्येला." मी पुण्यात नोकरीला, त्यामुळं सगळ्यांच्या आधी मीच पोचले. स्ट्रेचरवरचा चेहरा सुजून इतका बदलला होता की पायाच्या अंगठ्यावरून ओळख पटवली. लहानपणी विळ्यानं अर्धं नख गेलं होतं, ते.

सकाळी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. बहात्तर तास काहीच बोलता येणार नाही, आणि स्कोअर ६ आहे. बेशुद्धी किती खोल आहे हे मोजायची एक पद्धत असते. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याला गुण द्यायचे. पूर्ण शुद्धीवरच्या माणसाला १५, आणि सगळ्यात कमी ३. आण्णांनी विचारलं, शून्य का नाही? तो शिकाऊ डॉक्टर भावाहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. म्हणाला, "शून्य नसतोच काका. काहीच नाही केलं तरी ३ मिळतात." बाहेर आल्यावर आण्णा भिंतीला टेकून उभे राहिले. मग मला म्हणाले, "बाकीचे तीन त्यानं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेत."

आयसीयूच्या बाहेर एक हॉल होता. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात गणपतीची तसबीर, तिच्यासमोर उदबत्ती लावायला मनाई असल्याची पाटी आणि पाटीखाली रोज कुणीतरी लावलेली उदबत्ती. या हॉलमध्ये आम्ही एकवीस दिवस काढले. नातेवाईक येत होते आणि येताना प्रत्येक जण एकेक देव घेऊन येत होता. आईनं जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी आणली. मामानं तुळजापूरचा लाल दोरा. आत्यानं शेगावचा अंगारा. गॅरेजवाल्या चाचांनी पिरावरून हिरवा धागा आणला आणि तो देताना त्यांचेच डोळे भरून आले, कारण भावाची गाडी कायम तेच दुरुस्त करायचे. मीही कमी नाही. एरवी देवळात चपला सांभाळत बाहेर उभी राहणारी मी, दगडूशेठसमोरून जाताना जास्वंदीचं एक फूल घेऊन आले.

आत काही न्यायला परवानगी नव्हती. मनगटाला बांधलेले दोरे पहिल्या दिवशीच कापले होते, हाताला सूज होती आणि सुया टोचायच्या होत्या. पण तिथली सिस्टर, केरळची, कमी बोलणारी, तिनं यातलं काहीच टाकलं नव्हतं. सलाइनच्या बाटलीवरचं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं ना, त्यात सगळं भरून, बँडेजच्या पट्टीनं तोंड बांधून तिनं ती पिशवी पलंगाच्या दांडीला लटकवली होती. मी भेटायला गेले की आधी ती पिशवी दिसायची. भंडारा, अंगारा, लाल दोरा, हिरवा धागा आणि काळं पडत चाललेलं जास्वंद, एकावर एक. वॉर्डात हलवताना ती आमच्या हातात आली तेव्हा त्यात मेरीमातेचं एक छोटं चित्रही सापडलं. ते कुणी टाकलं, हे सिस्टरनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती पिशवी अजून आमच्या देव्हाऱ्यामागं आहे. आई दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसते.

आता आजीबद्दल सांगायला हवं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आणि संध्याकाळी सहाला हरिपाठ. पाऊस असो, लग्न असो, घरात कुणी आजारी असो, सहा म्हणजे सहा. आजोबा गेले त्या दिवशीही तिनं म्हटला होता, असं आई सांगते, आणि सांगताना त्यात थोडी तक्रार असते. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं की पाचच्या भेटीच्या वेळी फोन त्याच्या कानाला लाव. मी म्हटलं, "आजी, तो बेशुद्ध आहे." "ठावं हाय मला." "आणि भेटायची वेळ पाचची, तुझा हरिपाठ सहाचा." यावर ती अडली. मग म्हणाली, "सिस्टरबाईला इचार." सिस्टरला विचारलं. रोज सहाला तीच दोन मिनिटं बाहेर येऊन माझा फोन आत न्यायची, कानाला लावायची आणि आणून द्यायची. सगळा हरिपाठ काही दोन मिनिटांत होत नाही, पण सुरुवात व्हायची.

एकदा आई आत असताना तिनं पाहिलं की आजीचा आवाज सुरू झाला आणि पडद्यावरचा नाडीच्या ठोक्यांचा ११२ चा आकडा उतरत ९६ वर आला. ती धावत बाहेर आली. आण्णा म्हणाले, "आत्ताच झोपेचं इंजेक्शन दिलंय. मी औषध आणून दिलं." आई त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत राहिली ती मला आठवते. आजीला मी हे दोन्ही सांगितलं, आकडा आणि इंजेक्शन. मला वाटलं, ती आकड्याच्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "त्येला ऐकू येतंय म्हणून न्हाई म्हणत मी. सहा वाजल्यात म्हणून म्हणते."

हे वाक्य मला तेव्हा कोरडं वाटलं. रागच आला म्हणा ना. नातू मरणाच्या दारात आणि हिला घड्याळाचं पडलंय.

आईचं वेगळं. आईनं नवस बोलला होता, जेजुरीच्या खंडोबाला. पोरगं चालत घरी आलं तर गुडघ्यांवर गड चढेन आणि तळी भरेन. आजीला हे पटलं नाही. "वारकऱ्याच्या घरात नवस? इठोबाला कुणी नवस बोलतं का?" आई म्हणाली, "म्हणून तर खंडोबाला बोलले." त्या पंधरवड्यात आम्ही दोनदाच हसलो असू, त्यातलं हे एक.

आणि आण्णा. सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. विनाअपघात सेवेची पंचवीस वर्षं झाली म्हणून सत्कार झालेला, बिल्ला मिळालेला. रोज गाडीत चढताना स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचे, शनिवारी लिंबू-मिरची बदलायचे. अपघातानंतर त्यांनी कुठल्याच देवाला हात जोडला नाही. बोलले काहीच नाहीत, फक्त तसबिरीकडं पाठ करून बसायचे. एका रात्री, दोन वाजले असतील, मला म्हणाले, "पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं घरी पोचवली." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

त्या हॉलमध्ये बीडकडची एक बाई होती. तिचाही मुलगा, एकोणीस वर्षांचा, दुचाकीचाच अपघात. तिच्याएवढी श्रद्धा मी कुणाची पाहिली नाही. पाणीसुद्धा मोजून प्यायची, त्या गणपतीसमोर मांडी घालून रात्र रात्र बसायची, आणि ती उदबत्ती लावणारीही तीच होती. आईचं आणि तिचं जमलं होतं. दोघी एकमेकींच्या मुलाचा स्कोअर विचारायच्या. तिच्या मुलाचा एक दिवस ७ होता, आमच्या ६ च्या पुढं, तेव्हा आईला हेवा वाटला होता हे तिनं मला नंतर कबूल केलं. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. कागदपत्रं होईपर्यंत दुपार झाली. निघताना ती बाई आईजवळ आली, कमरेची पिशवी सोडली, त्यातून उदीची पुडी काढून आईच्या हातात ठेवली. म्हणाली, "माझ्याकडं आता काय काम तिचं. तुमच्या पोराला लावा."

आईनं ती लावली. दोन्ही हातांनी, काचेच्या दारातून आत बघत, आधी स्वतःच्या कपाळाला आणि मग दाराच्या काचेला.

लोक आता घरी येतात, भावाला बघतात आणि आईला म्हणतात, तुमची श्रद्धा होती म्हणून वाचला. चांगल्या मनानं म्हणतात. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाते, कारण तिथं उभी राहिले तर मला विचारावं लागेल, मग त्या बाईची कुठं कमी पडली? भाऊ वाचला कारण गाडी वेळेत आली, डॉक्टरांनी हाड वेळेत उघडलं, आणि मार जिथं बसला तिथून दोन बोटं इकडं-तिकडं बसला नाही. एवढं मला नक्की माहीत आहे. त्याच्या पलीकडचं जे काही आहे, त्याबद्दल आमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत.

सत्तेचाळीस दिवसांनी त्याला घरी आणलं. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी, नाकातून दुसरी नळी, डोक्याच्या डाव्या बाजूला खड्डा. त्या खड्ड्यावरची कातडी श्वासाबरोबर वरखाली व्हायची. आई त्याला पहिल्यांदा आंघोळ घालताना तिथं हात लागला आणि ती मोरीतच खाली बसली.

पैशाचं थोडक्यात सांगते. आईच्या पाटल्या गेल्या, पतपेढीचं कर्ज झालं, आणि आजीच्या दिंडीनं वारीसाठी साठवलेली भिशी आणून दिली. दिंडीच्या म्हाताऱ्यांनी ते पैसे फडक्यात बांधून आणले होते, दहा-दहाच्या नोटांसकट. परत मागितले नाहीत. आण्णांनी दोन वर्षांत फेडले.

घरी आल्यावर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं, मला अजून ठरवता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जखमा माणसाला नेतात. बारा नंबरची नळी गळ्यात घालून कफ ओढायचा, पंधरा सेकंदांच्या आत. दर तीन तासांनी नाकातल्या नळीतून पातळ केलेलं अन्न, त्याआधी नळी पोटातच आहे ना याची खात्री. आई, जिला कोंबडी कापलेली बघवत नाही, ती तो कफ ओढायला शिकली. मशीनचा घर्रर्र आवाज सुरू झाला की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. रात्रीच्या कुशी आजी आणि आई वाटून घ्यायच्या. दहा, बारा, दोन, चार. आजीला गजर लागायचा नाही. तीन महिन्यांनी तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाठ बघितली, हात फिरवला आणि विचारलं, कुणी सांभाळलं? एकही जखम नव्हती.

आण्णांनी रजा टाकली होती. त्यांनी जुन्या डायरीत लॉगशीट आखली. एसटीत असते तशीच, वेळ, तपशील, शेरा. "प. ४.०० – उजवी कूस. ६.१५ – दूध २०० मिली. ७.०० – लघवी ३५०, रंग पिवळसर. ९.३० – फिजिओ, डावा पाय थोडा हलला (?)." तो प्रश्नचिन्हाचा कंस पुढं किती तरी पानांवर आहे. देवाकडं पाठ फिरवलेल्या माणसानं चार महिन्यांत एक नोंद चुकवली नाही. आजी एकदा ती डायरी उलटी धरून बघत होती, तिला वाचता येत नाही. म्हणाली, "तुझ्या बापानं बी नेम धरला गं."

मामानं मधेच कुठूनसा एक देवऋषी आणला. करणी झालीय, अकरा हजार लागतील, वगैरे. आण्णा उठायच्या आधी आजी उठली. "आमच्या गळ्यात माळ हाय. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नगंस." मामा नंतर महिनाभर आला नाही. ते बरंच झालं.

आणि हेल्मेट. डोक्याचं हाड जागेवर नसताना माणूस बसायला लागला की पडायची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, डोकं झाकेल असं काहीतरी घाला. आण्णा लोणंदला जाऊन नवं हेल्मेट घेऊन आले. माझा भाऊ स्वयंपाकघरात, पाटावर, भिंतीला टेकून, हेल्मेट घालून बसायचा. त्याकडं बघून कुणी काही बोललं नाही. जुनं, ओरखडा नसलेलं, आण्णांनी कधीच विहिरीत टाकलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गळ्याची नळी काढली. भोक आपोआप मिटत गेलं. आता आवाज निघेल, कधी ते सांगता येत नाही, असं म्हणाले. पाचव्या दिवशी संध्याकाळी आई त्याला नाचणीची पेज भरवत होती. दोन चमचे गेले. तिसऱ्याला त्यानं तोंड फिरवलं आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात आईवरून एक शिवी दिली. स्वच्छ, पूर्ण, कामगारांच्या बसमध्ये ऐकू येते तशी. या मुलानं आजीसमोर कधी "च्यायला" म्हटलं नव्हतं.

आईच्या हातातली वाटी पडली. मग ती ओरडत अंगणात गेली, "बोलला! बोलला!" शेजारचे धावत आले. काय बोलला, असं विचारल्यावर सांगायची पंचाईत. आईनं त्या संध्याकाळी गावात पेढे वाटले. आजी म्हणाली, "शिवी तर शिवी. मुखातनं आली न्हवं?" आणि आण्णांची डायरी सांगते, "सायं. ५.४० – शिवी १. उच्चार स्पष्ट." त्याखाली पहिल्यांदाच शेऱ्यात लाल शाईनं बरोबरची खूण.

पुढचे दोन महिने त्यानं घरादाराला शिव्या घातल्या, ताटं फेकली, आत्याला चावला. मेंदू जागा होताना असा एक टप्पा येतोच, आणि तो येणं चांगलं लक्षण, असं डॉक्टर म्हणाले. चांगलं लक्षण घरात चोवीस तास असलं की काय होतं, ते मात्र त्यांना कुणी सांगायला हवं. हरिपाठाच्या वेळी तर तो हटकून सुरू व्हायचा. आजी न थांबता म्हणत राहायची, इकडून अभंग, तिकडून शिवी, आणि मधे झांजा. आई एकदा रडकुंडीला येऊन आजीला म्हणाली, "आत्या, आजच्या दिवस राहू द्या." आजी म्हणाली, "त्यो काय ऱ्हाऊ देतोय का?"

एप्रिलअखेर पोटातलं हाड पुन्हा डोक्यात बसलं. मे महिन्यात तो उभा राहिला. फिजिओथेरपीवाली मुलगी सांगायची, पावलं टाकताना ठेका धरा, ठेक्यावर पाय उचलायला सोपं जातं. आजीनं टाळ काढले. खाटेपासून तुळशीपर्यंत अकरा पावलं होती. पहिल्यांदा त्याला जाऊन यायला पाऊण तास लागला आणि आजीनं पाऊण तास टाळ धरला.

म्हणून आम्हाला वाटलं, पालखीला न्यावं. जुलैच्या सुरुवातीला माउली लोणंदला येणार होती. आजी त्या वर्षी वारीला गेली नव्हती, निदान दर्शन तरी होईल. आईनं त्याला नवा सदरा घातला. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं. पहिली दिंडी आली तोवर ठीक होतं. मग शेकडो टाळ एकदम, पखवाज, हॉर्न, माणसं. त्यानं दोन्ही कानांवर हात घेतले आणि किंचाळायला लागला. थांबेचना. आण्णांनी त्याला उचलून चाचांच्या जीपमध्ये घातलं आणि गाडी उलटी फिरवली. रथ यायला अजून तास होता. आजी मागच्या सीटवर त्याचे कान तिच्या हातांनी दाबून बसली होती. घरी येईस्तोवर आईही बोलली नाही, आणि रात्री अंथरुणात मला हळूच म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल का गं?"

वास गेल्याचं कळलं ते त्याच सुमारास. चुलीवर दूध उतू जाऊन जळत होतं, घरभर करपट वास, आणि हा शेजारीच बसून शेंगा सोलतोय. नाकाच्या वर चाळणीसारखं एक हाड असतं, त्याच्या भोकांतून वासाचे बारीक धागे मेंदूत जातात. डोकं आपटलं की ते तुटतात. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात आला तर आला. नाही आला. कामाचं नाव, आठवड्याचा वार, काल काय जेवलो, हे हळूहळू जमायला लागलं. आता तो आण्णांबरोबर शेतात जातो, मोटर चालू-बंद करतो, हिशोब मात्र लिहून ठेवावा लागतो. वास नाही तो नाहीच.

अपघाताचे तीन महिने त्याला अजिबात आठवत नाहीत. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "तेव्हा मी होतो कुठं?" आई म्हणाली, "खंडोबाच्या पदरात." आण्णा म्हणाले, "बेड नंबर चार." आजी भाकरी मोडत होती. "कुठं असायचा? हितंच," ती म्हणाली.

आईचा नवस फेडायचा राहिला, कारण गुडघ्यांना डॉक्टरांनी नाही सांगितलं. तिनं गड पायांनी चढला, खंडोबाशी काय ते बोलून घेतलं आणि तळी भरली. माझं ऐकलं असणार त्यानं, असं तिचं म्हणणं.

मग २०२० आलं. करोनामुळं पायी वारी झाली नाही. दशमीच्या दिवशी, ३० जूनला, माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. आम्ही सगळे टीव्हीसमोर. आजीच्या डोळ्यांना धार. आण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. ते खुर्ची पुढं ओढून बघायला लागले. बस वळली तेव्हा म्हणाले, "क्लच बघ किती हळू सोडला. कळतंय त्याला मागं कोण बसलंय." आणि बस पडद्यावरून जाईपर्यंत त्यांचा उजवा हात उचलला गेला, कपाळाला लागला आणि खाली आला. दीड वर्षानं. आम्ही कुणीच पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात आशाताई घरोघर तपासणीला आल्या. अंगणात उभ्या राहून ताप बघितला, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. "घसा दुखतो का? खोकला? वास येतो का?" भाऊ म्हणाला, "वास येत नाही." त्या दोन पावलं मागं सरकल्या, वहीवर पेन टेकवलं. "कधीपासून?" "गेल्या वर्षी जानेवारीपासून." त्यांना समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी आण्णांनी डायरी आणून दाखवली तेव्हा कुठं त्यांनी रकान्यात फुली मारली नाही.

त्या गेल्यावर भाऊ तुळशीपाशी बसला होता. ऊन कलतं होतं. त्यानं एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग आजीकडं हात पुढं केला.

"आजी, येतोय का बघ."

आजीनं त्याचं मनगट धरून बोटं आपल्या नाकाशी नेली. बराच वेळ.

"येतोय की," ती म्हणाली. "चांगला येतोय."

तो "बरं" म्हणाला आणि बोटं सदऱ्याला पुसून मोटर बंद करायला गेला. आजीनं घड्याळाकडं बघून मला झांजा आणायला सांगितल्या.